रिकामं नाव

१

सकाळचा पहिला चहा आणि सिंहांची हजेरी या दोन्ही गोष्टी पार्मुआतच्या घरात एकाच वेळी होत. त्याची बायको सेनेयिओ चुलीवर दुधाचा चहा चढवी, तोवर दाराशी खुंटीला टांगलेल्या रेडिओत खरखर सुरू होई. सिंह राखणाऱ्यांच्या छावणीवरून सिरोंका पार्मुआतसारख्या एकेका माग काढणाऱ्याला साद घाली आणि ज्यानं त्यानं आपल्या हद्दीतला सिंह कुठं आहे ते सांगायचं. कुठली सिंहीण पिलं घेऊन दलदलीच्या कडेला उतरली, कुठला म्हातारा नर लंगडतोय, कुणी पहाटे कुणाच्या कुंपणाभोवती फेरी मारली. ते ऐकून वस्त्या ठरवत, आज गुरं कुठं न्यायची नाहीत.

पार्मुआतच्या बापाच्या वेळी सिंहाला भाला मारला की माणसाचं नाव होई. पार्मुआतच्या वेळी सिंहालाच नाव देत आणि मग त्याला जगवत. नाव असलेल्या जनावरावर भाला टाकायला हात जरा कचरतो, एवढाच त्यात हिशेब होता, आणि तो बऱ्यापैकी खरा ठरला होता.

त्या सकाळी सगळ्यांचं सांगून झाल्यावर सिरोंका म्हणाला, "आणखी एक. नवा नर आलाय पूर्वेच्या टेकड्यांकडून. वयात आलेला, आयाळ काळी धरायला लागलीय. ओठावरचे ठिपके आपल्याकडच्या कुठल्याच सिंहाशी जुळत नाहीत. काल त्याला माग लागावा म्हणून गळपट्टा घातला आणि नावही ठेवलं."

आणि त्यानं नाव सांगितलं.

सेनेयिओच्या हातातला चहाचा डाव तसाच राहिला. दाराबाहेर पार्मुआतची आई जळकी काठी घालून दुधाचा तुंबा आतून धुरवत बसली होती. काठीचा तुंब्यात घासण्याचा आवाज थांबला.

"ऐकू आलं का सगळ्यांना?" रेडिओतून सिरोंका विचारत होता. "पार्मुआत, तुझ्या हद्दीत येईल तो. परत सांगू का नाव?"

पार्मुआतनं रेडिओ बंद केला. इतक्या जोरानं, की बटण त्याच्या हातात आलं.

२

मेलेल्याचं नाव घ्यायचं नसतं. हे कुणी कुणाला शिकवत नाही. लहान मुलाला आगीत हात घालू नको म्हणून जितकं सांगावं लागतं तितकंही नाही. माणूस गेला की त्याचं नाव त्याच्याबरोबर जातं. वस्तीत त्याच नावाचा दुसरा कुणी असला तर तो दुसरं नाव घेतो. आणि नावाचा अर्थ रोजच्या बोलण्यातला असला, तर तो शब्दही त्या घरातून जातो.

पार्मुआतचा धाकटा भाऊ वाटेत जन्मला होता. गुरं घेऊन मुक्काम हलवताना, एका बाभळीखाली. म्हणून त्याचं नाव तसं. तो गेल्यापासून घरात कुणी 'वाट' म्हणत नसे. माग म्हणत, पायरव म्हणत, नाहीतर नुसता हात करून दाखवत. सेनेयिओ दुसऱ्या वस्तीतून आलेली, सुरुवातीला तिची जीभ घसरायची आणि मग ती दिवसभर कुणाच्या डोळ्याला डोळा देत नसे. आता तिलाही सवय झाली होती.

तो दुष्काळात गेला. गुरं घेऊन पूर्वेच्या टेकड्यांकडे उतरला होता, पोटात काही नव्हतं. तिथं त्याला एक मेलेली गाय दिसली, ताजी. त्यानं मांडीचा तुकडा काढला, भाजला आणि खाल्ला. ती गाय कुणीतरी सिंहांसाठी विष लावून ठेवलेली होती. सापडला तेव्हा त्याच्या एका बाजूला दोन सिंहिणी पडल्या होत्या, पलीकडे गिधाडं, आणि मध्ये त्याची विझलेली चूल.

गाड्या भरून माणसं आली. सिंहिणींच्या रक्ताच्या बाटल्या भरल्या, गिधाडं मोजली. वर्तमानपत्रात सिंहिणींची नावं छापून आली, कारण त्यांना नावं होती आणि ती घ्यायला कुणाची हरकत नव्हती. त्याच्याबद्दल लिहिलं होतं, एक गुराखीही दगावला.

विष कुणी लावलं ते सगळ्यांना माहीत होतं. तो माणूस अजून त्याच विहिरीवर गुरं पाजतो. पार्मुआतला पाहून आधी तोच हात वर करतो, तब्येत विचारतो. वडीलधारे बसले होते एकदा, झाडाखाली. पण गाऱ्हाणं मांडायचं तर कुणाच्या मरणाचं, ते उच्चारावं लागतं. पार्मुआत उभा राहिला, तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिला. समोर तो माणूस जमिनीकडे बघत होता, दुःखी चेहरा करून. बैठक उठली. न बोलण्याचं एवढं मोठं पांघरूण त्याला फुकट मिळालं.

तेव्हापासूनचा राग पार्मुआतच्या छातीत होता. ओल्या लाकडासारखा, धड पेटतही नव्हता आणि विझतही नव्हता.

३

नवा नर त्याला भर दुपारी दिसला.

आधी ठसे मिळाले. मोठे, ताजे, दलदलीकडून आलेले. सिंह सरळ चालतो, उन्हातला अंतर कापायचा रस्ता त्याला माणसापेक्षा बरा कळतो. हे ठसे मात्र टेकाडाला लांबचा वळसा घालून वस्तीकडे वळले होते. तिथं ना सावली, ना पाणी. त्या बाजूनं फक्त एकच जण घरी यायचा, हरवलेलं वासरू न मिळाल्यावर, बापाच्या नजरेला पडू नये म्हणून.

पार्मुआत उकिडवा बसून त्या ठशांकडे बघत राहिला. मग त्यानं स्वतःला शिव्या घातल्या. टेकाडापलीकडे रानडुकरांची बिळं आहेत. सिंह बिळं हुंगत आला असणार. एवढं सरळ आहे.

बाभळीखाली तो पसरलेला होता. काळपट आयाळ, गळ्यात पट्टा. पार्मुआतनं वारा बघितला आणि झुडपाआड बसला. तेवढ्यात त्याच्या स्वतःच्या घरची गुरं पाण्याकडे जाताना त्याच बाजूला वळली. ती त्यानंच दुसऱ्या अंगानं न्यायला सांगितली होती. मागचा गुराखी अजून टेकाडापलीकडे होता. ओरडावं म्हणून पार्मुआत उठला आणि ओरडला नाही.

गायी घाबरल्या नाहीत.

सिंहाचा नुसता वास आला तरी शेपट्या वर करून उधळणारी ती गुरं. ती त्याच्या अंगावरून जावीत इतक्या जवळून गेली, रवंथ करत. पुढची लाल गाय थांबली. मान खाली घालून तिनं त्याच्या तोंडाशी नाक नेलं आणि फुर्रकन श्वास सोडला, धन्याला हुंगून सोडते तसा. सिंहानं डोळेही उघडले नाहीत.

वारा उलटा असेल, पार्मुआतनं मनाशी म्हटलं. वारा त्याच्या गालाला लागत होता. तो सिंहाकडून गायींकडेच वाहत होता.

रोजचं काम म्हणून त्यानं कॅमेरा काढला. ठिपके, आयाळ, कान. डाव्या कानाला टोकाशी एक खाच होती आणि खाली तिरका काप. सिंहांचे कान भांडणात फाटतातच, त्यावरूनच तर ते ओळखायचे. पण तशी खाच आणि तसा काप त्यानं लहानपणापासून वासरांच्या कानांना स्वतःच्या हातानं घातला होता. ती त्यांच्या घराण्याची खूण होती. त्या मुलखातल्या दुसऱ्या कुणाच्या गुराला ती नव्हती.

त्यानं तो फोटो पुसून टाकला.

४

घरी वेगळंच चाललं होतं. पार्मुआतची आई गेली दोन वर्षं दिवसेंदिवस आटत चालली होती. ताटात मक्याची उगाली वाढली तर बोटानं चिवडायची आणि नातीला, नासिएकूला देऊन टाकायची. आई आता खाऊ लागली होती. सकाळी हजेरीच्या आधी येऊन रेडिओखाली बसायची. बटण तुटलेलं, तर चिमट्यानं फिरवून सुरू करायची. सिरोंका ते नाव घेई, आणि ती मान हलवी, जणू कुणी तिच्या सांगण्यावरून कुठंसं गेलं होतं आणि पोचल्याचा निरोप आला होता.

"येयो, तिकडं बसू नकोस," पार्मुआत आईला म्हणाला.

"का? ऊन आहे इथं."

"ऊन सगळीकडे आहे."

"मग इथंच बसते."

एके दिवशी सकाळी सेनेयिओनं त्याला गोठ्यामागं बोलावलं. ती चिडलेली दिसत होती, पण आवाज हळू होता.

"नासिएकूचे बाबा, तुमची आई रोज संध्याकाळी तुंबाभर दूध कुंपणाबाहेर ठेवते. सकाळी तुंबा रिकामा."

"कुत्री पितात."

"मीही तेच म्हणाले."

"तरस असेल."

"तरसच असेल." तिनं कडेवरचा तुंबा त्याच्यापुढे धरला. "झाकण लावलेलं होतं. मी स्वतः उचलून आणला आत्ता. रिकामा, आणि झाकण घट्ट लावलेलं. कुठलं तरस दूध पिऊन झाकण लावतं ते सांगा मला, म्हणजे मी पण त्यालाच घरकामाला ठेवते."

त्यानं झाकण ओढून पाहिलं. ते खरंच घट्ट बसलं होतं. त्याला हसू आलं नाही आणि तिलाही आलं नव्हतं.

"तिनंच लावलं असेल," तो म्हणाला. "उठत असेल मधे."

"असेल," सेनेयिओ म्हणाली. "तुम्ही विचारा."

तो आईच्या झोपडीत गेला. आत अंधार होता, शेणाचा आणि धुराचा वास. ती भिंतीकडे बसून मण्यांची माळ ओवत होती. पुरुषाच्या गळ्यातली.

"येयो, दूध का ठेवतेस बाहेर?"

"तापलेला येतो उन्हातून."

"कोण?"

तिनं मणी ओवला. तिचा चेहरा भरला होता, गालांवर तेज होतं. इतक्या दिवसांत तो चेहरा असा पाहावा म्हणून त्यानं काय काय केलं होतं. बोकड कापला होता, शहरातल्या डॉक्टरकडे नेलं होतं. आता तो समोर होता आणि पार्मुआतला तो धरून गदागदा हलवावासा वाटत होता.

"किती दिवस वाट बघत होते," आई म्हणाली.

तिनं तो शब्द उच्चारला. सहज, कधी थांबलाच नव्हता असा.

५

छावणीत सिरोंका मोटारसायकलचं चाक उघडून बसला होता. दुष्काळानंतर नारोककडून आलेला माणूस, जाडजूड, हसरा. कुणालाही बोलता बोलता खांद्यावर थाप मारायचा.

"ये ओलाशे, ये भावा. तुझ्या रेडिओचं बटण मिळालं नाही अजून. नैरोबीहून येईल म्हणतात, म्हणजे माझ्या नातवाला मिळेल."

"नाव बदल."

"कुणाचं?"

"त्या नव्या नराचं."

"का? काय वाईट आहे? चांगलं, छोटं, रेडिओवर स्पष्ट ऐकू येतं."

"बदल म्हणतोय ना."

सिरोंकानं हात पुसले. "पार्मुआत, मी काय डोळे मिटून ठेवलं का नाव? दुसऱ्या कुणाचं असू नये म्हणून आधी विचारलं. विहिरीवर विचारलं, बाजारात विचारलं, या नावाचा आहे का कुणी इकडं? सगळे गप्प. एक म्हातारा तर उठून निघूनच गेला. म्हटलं, कुणाचंच नाही. रिकामं नाव आहे. ठेवून दिलं."

पार्मुआत उघड्या चाकाजवळ सरकला.

"तू सांग की कारण. कुणाचं आहे? तुझ्या बायकोच्या भावाचं? मामाचं? कुणाचं ते सांग, लगेच बदलतो."

"सांगता येत नाही."

"हे बघ, तू..."

"सांगता येत नाही म्हणतोय मी तुला!" पार्मुआतनं चाकाला लाथ मारली. ते लांब धुळीत जाऊन पडलं आणि स्वतःभोवती फिरत राहिलं. "तुला काय आंधळ्यानं जन्म दिला का? गप्प का बसले ते? नारोकला माणसं मरत नाहीत?"

सिरोंकाच्या चेहऱ्यावरचं हसू उतरायला वेळ लागला. एकेक गोष्ट त्याच्या ध्यानात येताना दिसत होती. मग तो मटकन खाली बसला आणि दोन्ही तळवे तोंडावर ठेवले, जणू आजवर तोंडातून गेलेलं सगळं आत ढकलायचं होतं.

"तुझं कोण?" त्यानं विचारलं.

"धाकटा."

"आणि मी रोज सकाळी. तुझ्या घरात. तुझ्या आईसमोर."

"हो."

"मला मारायला हवं होतंस तू."

"विचार आला होता."

सिरोंका उठला, आत गेला, भिंतीवरच्या फळ्यावरचं नाव ओल्या फडक्यानं पुसलं. परत परत पुसलं. मग आयाळीवरून सुचलं ते नाव लिहिलं, ओरोक, म्हणजे काळा.

"संपलं," तो म्हणाला. "उद्यापासून तो ओरोक. ते दुसरं कुणी घेतलं तर माझ्याशी गाठ आहे. ओलाशे, मला माफ कर."

पार्मुआतला हलकं वाटायला हवं होतं. घरी येताना त्याला सारखं वाटत होतं की आपण कुणाला तरी दाराबाहेर काढून कडी लावली.

६

"ओरोक दलदलीच्या अलीकडे," दुसऱ्या दिवशी रेडिओ म्हणाला.

आई रेडिओखाली बसली होती. हजेरी संपेपर्यंत थांबली. खरखर बंद झाली तरी थांबली.

"ओरोक कोण?"

"नवा नर आहे," पार्मुआत म्हणाला.

"आणि आपला?"

"आपला कुणी नव्हता, येयो. त्याचंच नाव चुकलं होतं. आता नीट ठेवलं."

आईनं त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता. लहानपणी वासरू हरवून आल्यावरही तिनं त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं.

"तू काढून घेतलंस," ती म्हणाली.

त्याच दुपारी गुरं उधळली. लाल गाय काटेरी झुडपांतून पळत आली, अंगभर ओरखडे, तोंडाला फेस. गुराखी झाडावर चढून बसला होता, त्याला उतरवताना त्याचे दात वाजत होते. ओरोकनं शेजारच्या वस्तीवरचं गाढव पाडलं. मग आणखी एक. रेडिओवर सगळे एकाच वेळी बोलत. कुंपणाबाहेरचा तुंबा सेनेयिओला सकाळी मिळाला तो चिरडलेला. त्यात दातांची भोकं होती आणि दूध मातीत सांडलेलं.

"हे बघ," पार्मुआत सेनेयिओला म्हणाला. त्याच्या आवाजात जवळजवळ आनंद होता. "सिंह सिंहासारखा वागतोय. वारा, वास, भूक. बाकी सगळं आपल्या डोक्यात होतं."

"आईंना सांगा ते."

त्यानं सांगितलं. फुटका तुंबा त्यानं आईच्या मांडीवर ठेवला. तिनं भोकांवरून बोट फिरवलं.

"घर आठवत नाहीये त्याला," ती म्हणाली. "आपण कोण आहोत तेच आठवत नाहीये. भटकतोय."

"तो सिंह आहे, येयो. तुझ्याकडे आला तर फाडेल तुला."

"मला माहितेय."

"मग दूध ठेवायचं नाही. कुंपणाबाहेर पाय टाकायचा नाही. ऐकू येतंय का?"

"ओरडतोस कशाला?" आई म्हणाली. "ज्याच्यावर ओरडायचं त्याच्यावर कधी ओरडला नाहीस."

तो बाहेर आला. विष लावणाऱ्याचा कळप लांबून धूळ उडवत विहिरीकडे चालला होता. पार्मुआत तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला.

७

संध्याकाळी गुरं आत घेताना नेहमी गलका असतो. वासरं आयांना हाका मारतात, बायका धारेला बसतात, पुरुष फाटकाशी उभे राहून एकेक जनावर नजरेखालून घालतात. त्या दिवशी शेवटची गाय आत आली, पार्मुआतनं काट्यांची मोठी फांदी ओढून फाटक बंद केलं, आणि गुरं एकदम मागच्या कुंपणाकडे सरकली. सगळी. एकमेकांवर चढत. शिंगांवर शिंगं आपटत होती.

त्यानं फांदीच्या फटीतून बाहेर पाहिलं.

आई बाहेर होती. कधी निघाली कुणास ठाऊक, गुरांच्या धुळीतून. हातात नवा तुंबा. आणि तिच्यापुढे, भाला टाकला तर तिलाच लागेल अशा बेतानं, तो. मान खाली, खांदे वर, शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. गळ्यातला पट्टा आयाळीत रुतला होता. ही त्याची झेप घेण्याआधीची बैठक पार्मुआतनं शेकडो वेळा पाहिली होती. आता तो थांबणार नव्हता.

"येयो," पार्मुआत म्हणाला. तिनं मागं पाहिलं नाही.

आई सिंहाशी बोलत होती. हळू, समजावून. तो ऐकत नव्हता, आणि पार्मुआतला दिसत होतं की तिलाही ते कळतंय. ती नाव घेत नव्हती. तिनंसुद्धा घेतलं नव्हतं, इतक्या दिवसांत एकदाही. ते थोरल्यानं घ्यायचं होतं.

सिंहाचे मागचे पाय जमिनीत घट्ट झाले.

पार्मुआतनं हाक मारली.

त्याच्या घशातून ते नाव असं आलं, की गोठ्यातली गुरं गपकन थांबली. त्यानं ते पुन्हा घेतलं. मग त्याला थांबताच येईना. "दिसेल ती मेलेली गाय खायची असते का? अक्कल कुठं ठेवली होतीस? घर काय इतकं लांब होतं? एक दिवस कळ काढली असतीस तर मेला असतास का रे? ती बघ, ती बघ कशी झालीय. आणि तो हरामखोर रोज विहिरीवर माझी तब्येत विचारतो आणि मी गप्प बसतो, तुझ्यामुळं, तुझं नाव घ्यायचं नाही म्हणून. ऐकतोयस का?" आणि परत ते नाव, संपूर्ण छातीनिशी, त्या माणसाच्या वस्तीपर्यंत जाईल असं.

धुळीतून ओ आली.

लांबलेली, तोंड पाडून दिलेली. थोरल्यानं रागावल्यावर धाकटा देतो तशी. ती कुठल्या तोंडातून आली ते पार्मुआतनं पाहिलं नाही, कारण तेव्हा त्याचे डोळे गच्च मिटलेले होते.

उघडले तेव्हा उजेड आणखी उतरला होता. आई परत येत होती. सावकाश, एक हात मागं ठेवून, पोराला बोटाला धरून आणावं तसा. तिच्यामागं धूळ होती आणि धुळीत काळपट काहीतरी होतं. त्याकडे बघायचं नाही असं त्यानं ठरवलं. तो फक्त आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

मागच्या कुंपणाला भिडलेली गुरं सुटी झाली. लाल गाय रवंथ करायला लागली. वासरं हंबरली. भिऊन नाही. धारेच्या वेळी माणूस आत आला की हंबरतात तशी.

आई फाटकाशी आली. "काटे काढ."

पार्मुआतनं फांदी दोन्ही हातांनी धरून ठेवली. काटे तळव्यात शिरले होते.

"येयो, तू एकटी ये. आधी तू ये."

"हाक कुणी मारली?"

त्यानं झोपडीकडे वळून पाहिलं.

"तूच ना? मग बाहेर उभा काय करतोस त्याला. ओढ."

सेनेयिओ नासिएकूला घेऊन झोपडीच्या दारात उभी होती. तिनं पोरीचं तोंड आपल्या छातीशी दाबलं होतं. ती नाही म्हणून मान हलवत होती, की नुसतीच थरथरत होती, ते त्याला कळलं नाही. बाहेर आई होती आणि आईला बाहेर ठेवता येत नव्हतं.

त्यानं फांदी ओढली.

फाटकावर दोन्ही बाजूंनी वाढून एकमेकांत गुंतलेल्या काट्यांची कमान होती. पार्मुआतच्या कपाळाच्या उंचीची. गुरं तिच्याखालून सरळ जात. आई तिच्याखालून ताठ मानेनं आत आली. तिच्या मागोमाग जे आलं, त्याला तिथं वाकावं लागलं.